पसंतीक्रमात खरं लिहिता यावं

डॉक्टर खऱ्या अर्थाने घडतो तो इंटर्नशिपच्या वॉर्डात. ते रुग्णालय विद्यार्थ्याने निवडायचं कसं, यावरून अमेरिकेत जे घडलं ते आज सांगतो.

1940च्या दशकात तिथे इंटर्नच्या जागा जास्त आणि विद्यार्थी कमी होते. हुशार मुलगा दुसऱ्याने पळवू नये म्हणून रुग्णालयं पदवीला दोन-दोन वर्षं बाकी असतानाच त्याला बांधून घेत. 1945मध्ये महाविद्यालयांनी ठरवलं, की ठरावीक तारखेआधी विद्यार्थ्यांची माहिती बाहेर द्यायची नाही. मग घाई तारखेनंतर सुरू झाली. हातात तिसऱ्या पसंतीच्या रुग्णालयाची तार, पहिल्याकडे नाव प्रतीक्षायादीत, आणि उत्तर लगेच हवं! विचाराला आधी दहा दिवस मिळत. 1949मध्ये रुग्णालयांना बारा तासही जास्त वाटले.

शेवटी दोन्ही बाजूंनी आपापला पसंतीक्रम लिहून द्यायचा आणि जुळणी एका मध्यवर्ती ठिकाणी करायची, असं ठरलं. पण 1951च्या पहिल्या आराखड्यात खोट होती, आणि ती विद्यार्थ्यांनीच पकडली. समजा, मी मोठ्या नावाचं रुग्णालय पहिलं लिहिलं आणि ते हुकलं. तोवर माझ्या दुसऱ्या पसंतीची जागा, ते रुग्णालय पहिलं लिहिणाऱ्या माझ्याहून खालच्या मुलाला मिळून गेलेली असे. म्हणजे मनातलं लिहिलं की शिक्षा. अकरावीचा अर्ज भरताना आपल्याकडचे आईबापही याच धास्तीने क्रम पुन्हापुन्हा बदलतात. विद्यार्थ्यांनी विरोध केला, आराखडा बदलला, आणि 1952मध्ये पहिली जुळणी झाली. विशीतल्या मुलांनी हे नेमकं हेरलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

या पद्धतीमागचं गणित गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांनी 1962मध्ये स्वतंत्रपणे मांडलं. दोघंही एकमेकांना अधिक पसंत करतात, पण जुळणीत दुरावले, अशी विद्यार्थी-रुग्णालयाची एकही जोडी उरू नये, हा त्याचा गाभा. अमेरिकेतली जुळणी मुळात तेच करत होती, हे अर्थतज्ज्ञ ऑल्विन रॉथ यांनी 1984मध्ये दाखवलं. रॉथ आणि शॅप्ली यांना 2012चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मात्र त्या जुळणीत आधी विचारणा रुग्णालयाची असे. विद्यार्थी आलेल्यांतलं उत्तम धरून ठेवी. अशा रीतीत निकाल विचारणाऱ्याच्या बाजूला झुकतो. 1998पासून विचारणा विद्यार्थ्याच्या बाजूने होऊ लागली. आता त्याने मनातला क्रम जसाच्या तसा लिहावा, त्यात तोटा नाही. आपली जी मुलं रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणासाठी, तिकडे जातात त्यांना मी हेच सांगतो: रुग्णालय तुम्हाला घेईल का, याचा अंदाज बांधून यादी लावू नका. रात्री दोन वाजता पेशंट खालावला तर सीनियर धावून येतो का, हे तिथल्या इंटर्नना विचारा आणि त्यावरून लावा.

रॉथ यांच्या हिशेबाने 1998च्या या बदलामुळे हजारात एखाद्याच विद्यार्थ्याची जागा बदलणार होती. तरीही तो करायलाच हवा होता, असं माझं ठाम मत आहे. कारण त्या एकाचं अख्खं शिक्षण त्या जागेवर अवलंबून असतं.