फोटो बदलला, तरी जुनाच दिसतो?



मिठाईच्या दुकानाची वेबसाइट आहे.
तिच्यावर आपण दिवाळीच्या फराळाचा नवा फोटो चढवतो.
पान उघडून बघतो…
तर अजून गणपतीतले मोदकच!

मग तोच फोटो पुन्हा पुन्हा चढवणं सुरू होतं.
बहुतेक वेळा त्याची काहीच गरज नसते.

पान लवकर उघडावं, म्हणून ब्राउझर फोटोची प्रत आपल्याच मोबाइलमध्ये ठेवून देतो.
या साठ्याला कॅश म्हणतात.
पुढच्या वेळी ब्राउझर फोटोचा पत्ता बघतो.
पत्ता तोच असला, की बरेचदा साठ्यातली जुनी प्रत पुढे करतो.

आधी खात्री करा.
पान इन्कॉग्निटो विंडोत उघडा; ती हा जुना साठा वापरत नाही.
तिथे फराळ दिसला, तर वेबसाइट ठीक आहे.
विंडोज कॉम्प्युटर असेल, तर कंट्रोल आणि एफ ५ एकत्र दाबा.
तुमचं काम झालं.

पण गिऱ्हाइकाचं काय?
त्याच्या मोबाइलमध्ये मोदक तसेच!
प्रत्येकाला कॅश साफ करायला थोडंच सांगणार?

म्हणून फाइललाच नवं नाव द्या.
‘बॅनर १’ होतं, ‘बॅनर २’ करा.
पानावरही हेच नवं नाव घाला.
पुन्हा सांगते…
फोटो बदलला, की फाइलचं नाव बदला.

इन्कॉग्निटोतही मोदकच दिसले, तर?
मग जुनी प्रत बहुधा सर्व्हरच्या किंवा सीडीएनच्या, म्हणजे वेबसाइटच्या प्रती ठेवणाऱ्या इतर सर्व्हरच्या, कॅशमध्ये असते.
वेबसाइट सांभाळणाऱ्याला ती कॅश रिकामी करायला सांगा.

आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवर लिंकसोबत चित्र दिसतं ना?
आधीच पाठवलेल्या मेसेजमधलं ते चित्र बदलत नाही.
तिथे लिंक नव्याने पाठवावी लागते.