आपल्या गटाचा पैसा पुढं कुठं जातो?

मागच्या वेळी आपण व्याजाचा हिशोब बघितला. आज वहीत कुठंच लिहिली जात नाही अशी एक गोष्ट सांगायची आहे.

गेल्या महिन्यात किकवीजवळच्या आमच्या एका गटाची मीटिंग होती. एका ताईंनी 50,000 रुपये कर्ज मागितलं. त्यांच्या मालकांचा ट्रॅक्टर आहे. सारोळ्याच्या अंगाला नीरेकाठी ऊस असतो, तिथं यंदा तोडणी-वाहतुकीचं काम त्यांनी घेतलंय, आणि टोळीला द्यायच्या उचलीत पैसे कमी पडत होते. ताई हप्त्याला एकदम पक्क्या, आजवर एक दिवस चुकलेल्या नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सह्यांसाठी वही फिरू लागली. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या आजी म्हणाल्या, "पैसं द्या की. पर त्या येनाऱ्या बाया ऱ्हानार कुठं? मागल्या साली वढ्याच्या कडंला व्हत्या. अंधार पडायची वाट बघत बसायच्या बिचाऱ्या."

बायका हसल्या. एक जण म्हणाली, "आजी, आपला गट हाय, कारखाना न्हाई." मी मात्र गप्प झाले. कारण आजींनी जे विचारलं, तेच मोठ्या बँकांनी विचारावं म्हणून जगभर लोक भांडलेत, आणि त्यातलं एक मोठं भांडण आपल्याच महाराष्ट्रात झालंय.

सातपुड्यात नर्मदेच्या काठी मणिबेली नावाचं गाव आहे. अक्कलकुवा तालुका, तेव्हा जिल्हा धुळे, आता नंदुरबार. सरदार सरोवराची भिंत गुजरातेत, पण फुगवट्याचं पाणी महाराष्ट्रातल्या 33 गावांत चढणार होतं. या धरणासाठी जागतिक बँकेनं 1985 साली 45 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. पुनर्वसनाचे नियम बँकेकडं कागदावर होते. पण माणसं किती, त्यांना जमीन कुठली, ज्यांच्या नावावर सातबाराच नाही अशा आदिवासींचं काय, हे पैसे देण्याआधी कुणी नीट तपासलं नव्हतं. मेधा पाटकरांबरोबर तिथल्या बाया-बाप्यांनी हे लावून धरलं. शेवटी 1991 साली बँकेला बाहेरच्या माणसांची चौकशी समिती नेमावी लागली. ब्रॅडफोर्ड मोर्स तिचे प्रमुख होते. जून 1992 मध्ये समितीनं सांगितलं की आहे त्या परिस्थितीत या लोकांचं नीट पुनर्वसन होणार नाही, पर्यावरणाचाही विचार झालेला नाही, बँकेनं मागं सरावं. मार्च 1993 मध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज घेणार नाही असं कळवलं. त्याच वर्षी जागतिक बँकेनं एक तपासणी मंडळ स्थापन केलं. बँकेच्या पैशानं ज्यांचं नुकसान होतं, त्यांना तिथं थेट तक्रार करता येते.

धरण थांबलं नाही. 2017 साली त्याचं लोकार्पण झालं, आणि मणिबेलीच्या जमिनी बुडाल्याच. हे मला झाकून ठेवायचं नाही. पण आपल्या शेजारी मुळशीत 1921 साली सेनापती बापटांबरोबर लोक सत्याग्रहाला उतरले, तेव्हा भांडण कंपनीशी आणि सरकारशी होतं. पैसा देणाऱ्यालाही जाब विचारता येतो, हे मणिबेलीनं दाखवलं. पुढं 2003 साली जगातल्या दहा मोठ्या बँकांनी एकत्र येऊन ठरवलं की मोठ्या प्रकल्पाला कर्ज देण्याआधी माणसांवर आणि निसर्गावर काय परिणाम होईल ते बघायचं. आपल्या देशातही शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून असा अहवाल द्यावा लागतो, आणि त्यात बँकाही आल्या.

आता उसाकडं या. तोडणारी माणसं कारखान्याच्या हजेरीपटावर सहसा नसतात. कारखाना करार करतो तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी. ठेकेदाराला बँक कर्ज देते, पुष्कळदा कारखान्याच्या हमीवर. ठेकेदार मुकादमाला देतो, मुकादम जोडप्याला उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणजे बँकेचा पैसा चार हातांतून फिरून उसाच्या फडात पोचतो, आणि शेवटच्या हाताचं काय होतं हे पहिल्या हाताला दिसतच नाही. एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचे पैसे कापतात. पाळी असो, पोटात दुखो, मोळी डोक्यावर घ्यावीच लागते. कोपीला ना मोरी ना संडास. अंगावरून जायला लागलं, डॉक्टरकडं गेलं, की पिशवी काढायचा सल्ला. 2019 साली सरकारी समितीसाठी बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती.

तुम्ही म्हणाल, यात बँकेची जोखीम कसली? टोळी मधेच निघून गेली, मुकादम उचल घेऊन पळाला, तर ठेकेदाराचं कर्ज थकतं. कारखान्याचं मळीचं पाणी नदीत गेलं आणि प्रदूषण मंडळानं कारखाना बंद करायला लावला, तर हप्ते कुठून येणार? बँकवाले यालाच सामाजिक आणि पर्यावरणाची जोखीम म्हणतात. मला हा शब्द जरा कोरडा वाटतो. बाईचं दुखणं कर्ज बुडेल म्हणून बघायचं! पण त्या निमित्तानं का होईना कुणी बघितलं, तरी चालेल.

एक गोष्ट मधेच सांगते, कारण फोन खूप येतात. बँकेनं आधी स्वतःची वसुली तपासावी, हाही याच विषयाचा भाग. 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न 3 लाखांपर्यंत आहे, त्याला छोटं कर्ज तारणाशिवाय द्यायचं. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करायचा नाही. दारात येऊन शिवीगाळ, धमकी तर नाहीच नाही. आधी त्या बँकेकडं लेखी तक्रार द्या. दाद लागली नाही तर 14448 वर विचारा, पुढं काय करायचं ते सांगतात.

तर आमची मीटिंग. ताई चिडल्या. "कारखान्याला कुणी विचारत न्हाई, बँकेला कुणी विचारत न्हाई, आन् माझ्या 50,000 ला एवढ्या अटी?" त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पण तो पैसा आम्हा बाराजणींचा होता, आठवड्याच्या आठवड्याला साठवलेला. दीड तास वाद झाला. शेवटी ठराव लिहिला. 30,000 आत्ता, 20,000 टोळी उतरल्यावर. टोळीसाठी पाण्याची टाकी, पत्र्याचा एक आडोशाचा संडास, आणि पाळीच्या दिवसांत दोन दिवस खाडा नाही. ताईंच्या मालकांनी टाकी आणि संडास कबूल केला. खाड्याचं म्हणाले, "ते माझ्या हातात न्हाई, मुकादमाच्या हातात हाय."

दिवाळीनंतर टोळी येईल. दुसरे पैसे देण्याआधी आजी आणि दोघीजणी जागा बघून येणार आहेत. खाड्याचं अजून काही ठरलेलं नाही. मुकादम आला की त्याच्याशी आपणच बोलणार, असं आजींनी सांगून ठेवलंय. काय झालं ते पुढच्या भाषणात सांगेन.