डेटाबेसची नवी आवृत्ती आणि आपला ‘ळ’
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून चौघांनी विचारलं, “अरे, तू कॉम्प्युटरमध्ये नेमकं करतोस काय?” सगळ्यांना एकदमच सांगतो.

मी पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसच्या नव्या आवृत्त्या तयार करून तपासतो. डेटाबेस म्हणजे आपल्या शाळेचं जनरल रजिस्टर समजा. नोंद करायची, दुरुस्त करायची आणि मागितली की क्षणात काढून द्यायची. 1986 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी हे काम सुरू केलं. 1996 मध्ये त्याला पोस्टग्रेएसक्यूएल हे आजचं नाव मिळालं. हा डेटाबेस कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, फुकट वापरावा. त्यात आपली माणसंही आहेत. 2008 च्या 8.3 या आवृत्तीत नोंदी बदलण्याचं काम पुष्कळ हलकं करणारी ‘हॉट’ ही सुधारणा पवन देवलसी यांची.

मोठी आवृत्ती वर्षातून एकदा, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येते. एप्रिलमध्ये नवं काही घेणं बंद होतं, मेच्या सुमारास बीटा, म्हणजे कच्ची आवृत्ती निघते. मग तपासणी. कोडपासून प्रोग्राम तयार करायचा, त्याला ठरलेले प्रश्न विचारायचे आणि आलेली उत्तरं आधी लिहून ठेवलेल्या उत्तरांशी ताडून बघायची. बाईंच्या आदर्श उत्तरपत्रिकेसारखंच. फक्त इथे ‘आशय बरोबर आहे’ म्हणून अर्धा गुण मिळत नाही. एका अक्षराचा फरक पडला तरी नापास.

हीच तपासणी जगभरातल्या स्वयंसेवकांच्या मशीनवरही चालते. 2004 मध्ये अँड्र्यू डन्स्टन यांनी उभारलेल्या या व्यवस्थेला ‘बिल्डफार्म’ म्हणतात. नावाप्रमाणे शेतच, प्रत्येक मशीनला प्राण्याचं नाव. वेगवेगळे प्रोसेसर, वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम. एकीकडे पास झालेला बदल दुसरीकडे आपटतो, तो तिथे कळतो.

तरी चुका सुटतात. आवृत्ती 14 सप्टेंबर 2021 मध्ये आली. काम चालू ठेवून इंडेक्स बांधताना तो गुपचूप बिघडू शकतो, असा दोष तिच्यात निघाला. तो जून 2022 मध्ये 14.4 ने दुरुस्त झाला. 14 नोव्हेंबर 2024 ला 17.1 आली. तिच्यात मेमरीतल्या एका रचनेचा आकार बदलला होता. त्यामुळे आधीच्या आवृत्तीवर तयार केलेले काही जोड-प्रोग्राम अडचणीत आले आणि आठवड्यातच, 21 तारखेला, 17.2 काढावी लागली. स्वतःचे सगळे पेपर पास होऊनही वापरणाऱ्याच्या घरी काय होईल, ते वापरणाऱ्यानेच बघावं लागतं.

आता आपल्या जवळचं उदाहरण. वर्णमालेत ‘ळ’ कुठे येतो? ‘ह’ नंतर. पण युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’ ला लागून बसलाय. म्हणून नुसत्या संकेतांकाने यादी लावली, तर कळमनुरी कवठ्याच्या आधी येते; आपल्या वर्णक्रमाने कवठा आधी, कळमनुरी नंतर. 2017 च्या आवृत्ती 10 पासून पोस्टग्रेसमध्ये भाषेनुसार क्रम लावायची चांगली सोय आली, पण ती निवडावी लागते.

हा नुसता शुद्धलेखनाचा मुद्दा नाही. इंडेक्स क्रमावरच उभा असतो. 2018 मध्ये लिनक्सच्या ग्लिबसी या मूळ लायब्ररीने आपला वर्णक्रम बदलला. ती बदलली आणि इंडेक्स जुनाच राहिला, तर नाव रजिस्टरात असतं, पण शोधलं की सापडत नाही. इंडेक्स पुन्हा बांधला की सापडतं. पण ते ठाऊक हवं. तोवर खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला उत्तर मिळतं, “तुमचं नाव नाही.” वसमतहून, सेनगावहून एसटीने आलेल्या माणसाचा दिवस बुडतो. माझ्या कामात पणाला लागलेलं असतं ते हे.

म्हणून तीन विनंत्या. तुमच्यापैकी जे कार्यालयात, दवाखान्यात, पतसंस्थेत आहेत, त्यांनी आपली आवृत्ती कोणती ते विचारा. मोठ्या आवृत्तीला पाचच वर्षं दुरुस्त्या मिळतात. दुसरं, बॅकअप घेतलाय एवढ्यावर थांबू नका. तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. हळद शिजली की नाही हे आपण काडी टोचूनच ठरवतो ना?

तिसरी विनंती शाळेला. लॅबमधल्या एखाद्या जुन्या मशीनवर मुलांना बीटा आवृत्ती तयार करू द्या. त्यात जिल्ह्यातल्या गावांची नावं भरा, मुलांची खरी माहिती नको. क्रम लावा, शोधा, चुकलं तर नेमकं काय केलं आणि काय झालं ते लिहून कळवा. त्याला पदवी लागत नाही, कंपनीचं ओळखपत्र लागत नाही. ‘ळ’ ची चूक हिंगोलीच्या पोराला जितकी लवकर दिसेल, तितकी बर्कलीत कुणाला दिसणार नाही.

शाळेला हवं असेल तर पहिल्या दिवशी मी येऊन बसेन.