पुस्तक आणि ताळेबंद



वित्तव्यवसायात प्रवेश करू पाहणारे तरुण बहुधा एकच प्रश्न विचारतात: कोणती पुस्तके वाचावीत? प्रश्न साधा आहे. पण ग्रंथांची नावे सांगितल्याने त्याचे उत्तर पुरे होत नाही. ज्याच्या हाती पुढे इतरांची बचत सोपवली जाणार आहे, त्याने काय वाचले याइतकेच ते कसे वाचले यालाही महत्त्व आहे.

आरंभ लेखाशास्त्रापासून करावा. पुष्कळांना हा विषय रुक्ष वाटतो आणि ते थेट शेअरबाजाराकडे वळतात. मुळाक्षरे न गिरवता ग्रंथ वाचायला बसण्यासारखेच हे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची अकरावी-बारावीची लेखाशास्त्राची पुस्तके अल्प किमतीत मिळतात. त्यांतील उदाहरणे स्वतः कागदावर सोडवावीत. त्यापुढे सनदी लेखापालांच्या संस्थेने आपल्या परीक्षार्थींसाठी तयार केलेले अभ्याससाहित्य घ्यावे. संस्थेच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य उपलब्ध आहे.

वित्तीय व्यवस्थापनासाठी प्रसन्न चंद्र यांचा 'फायनान्शिअल मॅनेजमेंट' हा ग्रंथ आपल्याकडील विद्यार्थ्याला जवळचा वाटेल, कारण त्यातील विवेचनाला भारतीय परिस्थितीची पार्श्वभूमी आहे. त्याच्या जोडीला ब्रिली आणि मायर्स यांचा, १९८१ साली प्रथम प्रसिद्ध झालेला 'प्रिन्सिपल्स ऑफ कॉर्पोरेट फायनान्स' ठेवावा. आज हाती येणारा रुपया उद्याच्या रुपयाहून अधिक मोलाचा का, आणि जोखीम व परतावा यांचे नाते काय, हे त्यातून स्पष्ट होते. ग्रंथालयातील जुनी आवृत्ती तत्त्वे समजून घेण्यास पुरेशी असते. कायद्यासाठी मात्र तिच्यावर विसंबू नये. १९५६ च्या कंपनी कायद्याची जागा २०१३ च्या कायद्याने घेतली आहे, आणि करांचे नियम तर दरवर्षी बदलतात.

तिसरी पायरी इतिहासाची. अमेरिकेतील शेअरबाजार १९२९ साली कोसळला. त्या आपत्तीनंतर, १९३४ मध्ये, बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी 'सिक्युरिटी ॲनालिसिस' हा ग्रंथ सिद्ध केला. शेअरचा बाजारभाव आणि त्या उद्योगाचे खरे मूल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्याचे सार होय. आपल्या देशापुरते पाहिल्यास, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९२३ सालचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ अवश्य वाचावा. त्यातील चलनव्यवस्था आज उरलेली नाही. पण सरकारी अहवाल आणि आकडे समोर ठेवून त्यांना प्रश्न कसे विचारावेत, याचा तो आजही वस्तुपाठ आहे.

आणि हाच माझ्या सांगण्याचा मुख्य मुद्दा आहे. पुस्तक रीत शिकवते, पारख मात्र मूळ कागदपत्रे वाचूनच येते. शेअरबाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीचा वार्षिक अहवाल आज कोणालाही पाहता येतो. रिझर्व्ह बँकेचा बँकव्यवसायाच्या प्रगतीविषयीचा अहवाल दरवर्षी निघतो. अर्थसंकल्पाची कागदपत्रेही खुली असतात. याहून स्वस्त विद्यापीठ दुसरे नाही.

एक उदाहरण घ्या. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्राद्वारे कबुली दिली की, ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँकशिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. येणे म्हणून दाखवलेले ३७६ कोटींचे व्याजही खोटे होते. म्हणजे खोट्या शिलकेच्या जोडीला खोटे व्याजही मांडलेले होते! बँकशिलकेची खातरजमा कंपनीच्या कागदांवरून न करता बाहेरून, प्रत्यक्ष बँकेकडून करावी, ही लेखापरीक्षणातील शिकवण विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करतात. हे प्रकरण अभ्यासल्यावर ती कशासाठी आहे, हे त्यांच्या मनावर कायमचे ठसेल.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. वर्षभरासाठी एकच उद्योग निवडा. त्यातील दोन कंपन्यांचे गेल्या पाच वर्षांचे अहवाल मिळवा. पाठ्यपुस्तकातील एकेक प्रकरण संपले की तेच गणित त्या आकड्यांवर करून पाहा. नफा वाढत असताना रोकड का घटते? उधारी का फुगते? लेखापरीक्षकाने कोणत्या बाबीवर बोट ठेवले आहे? जे उमगणार नाही ते वहीत टिपून ठेवा आणि जाणत्यांना विचारा. ग्रंथपालांनीही या ग्रंथांशेजारी अशा अहवालांसाठी एखादा कप्पा राखून ठेवावा.

परीक्षा उत्तीर्ण झाल्याने नोकरी मिळेल. पण एखादा निवृत्त शिक्षक आपली भविष्यनिर्वाहाची पुंजी पुढे ठेवून, "ही कुठे गुंतवू?" असे विचारील, तेव्हा प्रमाणपत्र उपयोगी पडणार नाही. त्या क्षणी आपण केलेले वाचन खरे होते की नाही, याचा निकाल लागेल. आणि त्या निकालाची किंमत आपल्याला नव्हे, त्याला मोजावी लागेल.