पवनचक्की आणि गरुड



डोंगराच्या उतारावर वारा आदळला म्हणजे तो वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर गरुड पंख न हलविता दूरवर तरंगत जातो. आणि नेमका तोच वारा पवनचक्की उभारणाऱ्यासही हवा असतो. अशा ठिकाणी दोघांची गाठ पडते, आणि त्या गाठीत मरण येते ते पक्ष्याला.

ज्याची दृष्टी इतकी तीक्ष्ण, त्याला एवढे मोठे पाते दिसू नये काय, असे एखादा विद्यार्थी सहज विचारील. त्याचे उत्तर असे की, भक्ष्य शोधणाऱ्या पक्ष्याचे लक्ष खाली भूमीकडे असते, समोर नसते. शिवाय चक्र दुरून संथ भासले, तरी मोठ्या पवनचक्कीच्या पात्याचे टोक ताशी २५० किलोमीटरांहूनही अधिक वेगाने फिरू शकते. सोनेरी गरुड सुमारे पाचव्या वर्षी वीण सुरू करतो व मादी बहुधा दोनच अंडी घालते. म्हणून एका प्रौढ गरुडाची हानी भरून येण्यास वर्षे लागतात.

अमेरिकेतील वायोमिंग राज्यात हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. २००९ ते २०१३ या काळात तेथील दोन पवनचक्की-क्षेत्रांत १४ सोनेरी गरुड व इतर १४९ संरक्षित पक्षी मेल्याबद्दल संबंधित कंपनीने २०१३ साली गुन्हा कबूल केला, आणि तिला १० लक्ष डॉलर भरावे लागले. पुढे त्यांपैकी एका क्षेत्रात यांत्रिक पहारेकरी उभे राहिले. उंच खांबावर सभोवार पाहणारे कॅमेरे असतात. आकाशात काही हलले की, माथ्यावरील दूरचे टिपणारा जोडकॅमेरा तिकडे वळतो व अंतर मोजतो. असंख्य छायाचित्रांवरून शिकविलेला संगणक तो पक्षी गरुड आहे की अन्य कोणी, हे काही क्षणांत ठरवितो. गरुड चक्राच्या रोखाने येत असेल, तर तेवढ्याच पवनचक्कीला संदेश जातो. पाती वाऱ्याकडे कड करून वळतात, वारा निसटून जातो आणि चक्र मंदावते. पक्षी दूर गेला की ते पुन्हा फिरू लागते.

या उपायाने शेजारच्या यंत्ररहित क्षेत्राच्या तुलनेत गरुडांचे मृत्यू ८२ टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. पुढे अन्य संख्याशास्त्रज्ञांनी तेच आकडे पुन्हा तपासून, एवढी घट मानण्यास पुरावा अपुरा आहे, असे मत मांडले. यावरून यंत्र निरुपयोगी ठरत नाही. एका मोजणीवर विसंबू नये, एवढेच ठरते. विज्ञानाचा हा धडा वर्गातही द्यावा.

हा विषय केवळ परदेशाचा नव्हे. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरील अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जेथे पवनचक्क्या आहेत, तेथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले, आणि त्यांचे भक्ष्य असलेले सरडे संख्येने वाढून निर्धास्त झालेले दिसले. माणूस जवळ गेला तरी ते लवकर पळत नसत. याच सरड्यांच्या प्रजातीला २०१६ साली शास्त्रज्ञांनी ‘सरडा’ हे मराठी शब्दावरूनच नाव दिले आहे. आकाशातील एक घिरटी थांबली म्हणजे जमिनीवरील जीवनही बदलते, याचे हे घरचे उदाहरण होय.

याचा अर्थ पवनचक्की शत्रू आहे, असा मुलांच्या मनावर ठसवू नये. धुराविना मिळणारी वीज गावाला हवीच आहे. ती कोठे व कशी घ्यावी, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर नोंदींवाचून मिळत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी व ठरलेल्या जागेवरून, मुलांनी पाव तास आकाश पाहावे; घारी, ससाणे व गरुड मोजून वहीत तारखेसह लिहावेत. पवनचक्कीखाली मेलेला पक्षी दिसल्यास त्याला हात न लावता जागा टिपून वनखात्यास कळवावे. वर्षभर जपलेली अशी वही शाळेचे भूषण ठरेल, आणि ती लिहिणाऱ्या मुलाचा हात गोफणीकडे सहसा वळणार नाही.