आंक्लामचे उड्डाण-संग्रहालय



मोठ्या राजधान्यांतील संग्रहालये राजवैभवाने डोळे दिपवितात. परंतु लहानशा गावाने आपल्या एका सुपुत्राची स्मृती जपावी, यात वेगळेच मोल असते. उत्तर जर्मनीत पेने नदीच्या काठी वसलेल्या आंक्लाम येथील ओटो लिलिएन्थाल संग्रहालय हे असेच एक स्थान होय.

लिलिएन्थाल यांचा जन्म याच गावी २३ मे १८४८ रोजी झाला. बालपणी धाकटे बंधू गुस्ताव यांच्यासह ते करकोच्यांचे उड्डाण न्याहाळीत असत. पुढे ते अभियंता झाले, बर्लिनमध्ये त्यांनी कारखाना काढला. तरी आकाशाचा ध्यास सुटला नाही. मात्र पंख बांधून एकदम उडी घेण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. त्यांनी आधी मोजमापे केली. सपाट पंखापेक्षा किंचित वक्र पंखाला हवा अधिक उचलून धरते, हे प्रयोगांनी पडताळून त्यांनी १८८९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. त्यानंतर १८९१ पासून टेकडीवरून उड्डाणे आरंभिली. विलो वृक्षाच्या काठ्या व सुती कापड यांचे सुमारे २० किलो वजनाचे यंत्र, आणि तोल सांभाळण्यास केवळ स्वतःचे शरीर! अशी सुमारे २,००० उड्डाणे त्यांनी केली. काही २५० मीटरपर्यंत गेली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी यंत्राचा तोल गेला, ते सुमारे १५ मीटरवरून कोसळले आणि दुसऱ्या दिवशी निवर्तले.

तथापि त्यांचे आकडे मागे उरले. अमेरिकेतील राइट बंधूंनी ते अभ्यासले, १९०१ मध्ये स्वतःच्या प्रयोगांनी पुन्हा तपासले आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी यंत्रशक्तीवर चालणारे विमान उडविले.

लिलिएन्थाल यांची काही मूळ यंत्रे आज लंडन, वॉशिंग्टन आदी नगरांत आहेत. आंक्लामच्या संग्रहालयात त्यांच्या यंत्रांच्या प्रतिकृती छतापासून टांगलेल्या आहेत. १९९१ पासून हे संग्रहालय त्यांच्या नावाने चालते.

उड्डाणामुळे देशांच्या सीमा निरर्थक ठरतील व शांतता नांदेल, अशी आशा लिलिएन्थाल यांनी १८९४ मध्ये एका पत्रात व्यक्त केली होती. दुर्दैव असे की, १९४३ मध्ये त्यांच्याच जन्मगावी विमानाचे भाग बनविणारा कारखाना होता, म्हणून त्या गावावर विमानांतूनच बाँब पडले. ज्या सेंट निकोलाय चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेही १९४५ मध्ये जळाले. विद्येने सामर्थ्य येते; त्याचा विनियोग मात्र माणसाच्या विवेकावर अवलंबून असतो, हेच यातून दिसते.

शिक्षकबंधूंनी ही कथा मुलांना अवश्य सांगावी. पक्षी न्याहाळण्यास, मोजण्यास आणि जे दिसले ते वहीत टिपून ठेवण्यास पैसा लागत नाही. लिलिएन्थाल यांचा आरंभही गावाबाहेरच्या कुरणातच झाला होता.