पहाटेची किलबिल आणि इलेक्ट्रॉनचा वेग

पहिल्या महायुद्धांत हाइनरिख बार्कहाउझेन हे जर्मन शास्त्रज्ञ शत्रूचें टेलिफोनवरील बोलणें चोरून ऐकत असतां त्यांच्या कानीं भलतेंच आलें : उंच स्वरांतून खालीं उतरत जाणाऱ्या शिट्या. 1953 सालीं केंब्रिज येथील स्टोरी यांनीं दाखविलें कीं, या शिट्या मेघांतील विजेपासून निघतात व पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून अंतराळांत दूरवर जाऊन दुसऱ्या गोलार्धांत उतरतात. याच जातीच्या, पण अंतराळांतच उपजणाऱ्या दुसऱ्या लहरी ग्राहकयंत्रांत थेट पहाटेच्या पांखरांसारख्या किलबिलतात. या किलबिलीचें सामर्थ्य मात्र फार उशीरां कळलें.

1958 सालीं ‘एक्स्प्लोरर 1’ या उपग्रहावरील कणगणक यंत्र उंचावर जातांच मुकें झालें. कण नव्हते म्हणून नव्हे. इतके होते कीं यंत्र गुदमरलें! जेम्स व्हॅन ॲलन यांनीं हें ओळखलें व पृथ्वीभोंवतींच्या त्या किरणपट्ट्यांस त्यांचेंच नांव मिळालें. बाहेरच्या पट्ट्यांतील कांहीं इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें धांवतात. ही शक्ति त्यांस देतो कोण? एक पक्ष म्हणे, ते दुरून पृथ्वीकडे ढकलले जातात व प्रखर होत जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्रांत बळावतात. दुसरा म्हणे, कर्ता घरांतच आहे.

श्रोत्यांनीं झोपाळा आठवावा. इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषेभोंवतीं गिरक्या घेतो. लहरींतील विद्युत्क्षेत्रही त्याच दिशेनें फिरतें. दोघांची गिरकी जुळली कीं झोपाळ्यास वेळेवर हात लावल्यासारखें होतें. मौज ही कीं, लहरींस बळ मिळतें तें चुंबकीय वादळांत रात्रीच्या बाजूनें आंत लोटलेल्या, मंद इलेक्ट्रॉनांकडूनच. असंख्यांनीं थोडें थोडें घालावें व मोजक्यांनीं उचलावें, अशी ही भिशी. बहुतेकांची पाळी मात्र कधींच येत नाहीं.

2012 च्या ऑगस्टांत अमेरिकेनें दोन जुळीं यानें या पट्ट्यांत सोडलीं. ऑक्टोबरांत वादळ झालें. इलेक्ट्रॉन बाहेरून बळावून आले असते, तर त्यांची दाटी बाहेरून आंत उतरती दिसती. ती वाढली पट्ट्याच्या गाभ्यांतच, पृथ्वीच्या मध्यापासून सुमारें चार त्रिज्यांवर. किलबिलीचा जोर धरून थॉर्न व त्यांचे सहकारी यांनीं केलेलें गणितही 2013 सालीं त्याशीं जुळलें.

हा वाद केवळ पंडिती नव्हे. 1994 च्या जानेवारींत अशाच इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानें कॅनडाचे दोन दळणवळण-उपग्रह एकापाठोपाठ बिघडले होते. गुरूच्या चुंबकीय प्रांतांतही ही किलबिल आढळली आहे, आणि तेथील इलेक्ट्रॉन याहूनही शक्तिमान आहेत.